मुकी ओळ

निमगाव हे गालिच्यांचे गाव हमरस्त्यापासून थोडे आत आहे. एसटी फाट्यावर सोडते आणि तिथून वाट तळ्याच्या काठाने गावात जाते. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की तळ्याच्या खालच्या पायऱ्या तांबूस दिसतात. पिढ्यानपिढ्या त्यांवर गालिचे धुतले, तेव्हा मंजिष्ठेचा लाल रंग दगडात मुरला, असे सांगतात.

गावात आता थोडेच माग उरले आहेत. पण जे आहेत ते जुन्या पद्धतीचे, उभे, छताला भिडलेले. मागावर सुताचे उभे दोरे ताणलेले असतात. समोर लाकडी फळीवर विणकर खांद्याला खांदा लावून बसतात आणि त्या दोऱ्यांवर लोकरीची एकेक गाठ मारतात. गालिचा जसा वर चढेल तशी फळी वर चढवायची. मागावर नकाशाचा कागद कुठेच लावलेला नसतो. मागाच्या पलीकडच्या बाजूला, गालिच्याची पाठ जिकडे दिसते तिकडे, एक जण जमिनीवर बसून रंग पुकारतो. तो म्हणतो, "दोन लाल." फळीवरून उत्तर येते, "लाल आले." दिवसभर हेच चालते. बाहेरून ऐकणाऱ्याला आत कुणी भजन म्हणत आहे की पाढे, ते कळत नाही.

येथल्या प्रत्येक गालिच्याच्या बरोबर मध्यावर एक काळी ओळ असते. गव्हाच्या दाण्याएवढी रुंद, या काठापासून त्या काठापर्यंत सरळ. फुले, वेली, मधले मोठे कमळ, सगळे कापून ती जाते. पाहुणे गालिचा उलगडून बघतात आणि बोट ठेवून विचारतात, "खाला, हे चुकलंय का?"

हुरमतखाला गावातल्या सर्वांत जुन्या पुकारणाऱ्या. त्या चष्म्याच्या वरून बघतात.

"चुकलंच आहे. बिनचुकीचा पाहिजे तर शहरात मशीनचा मिळतो. स्वस्त पण पडतो."

पाहुणे हसतात. मग कुणीतरी चहा आणते, आणि खाला सांगू लागतात.

ही गोष्ट बादशाही अमलातली. बादशहा कोणता, यावर गावात एकमत नाही, म्हणून खाला नुसते बादशहा म्हणतात. त्याने इराणातून, किरमाण नावाच्या शहरातून, एक गालिचेवाला बोलावला. त्याचे नाव उस्ताद फरामर्ज. तो बायको आणि लहान मुलीला घेऊन जहाजात बसला. चौलच्या बंदरात उतरला तेव्हा बरोबर फक्त मुलगी होती. बायको वाटेत तापाने गेली आणि तिला समुद्रात सोडावे लागले. मुलीचे नाव गोहर. आईला पाण्यात सोडत होते तेव्हा ती दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून होती. पुढे तिला त्या दिवसातले काहीच आठवत नसे, फक्त ओल्या दोरखंडाचा वास आठवे.

उस्तादाला आधी किल्ल्यातल्या कारखान्यात नेले. तिथल्या विहिरींचे पाणी जड होते. त्या पाण्यात लाल लोकर धुतली की तिला विटेचा रंग येई. उस्ताद लाल लोकरीची एक लड घेऊन गावोगाव पाणी बघत हिंडला, म्हणे. निमगावच्या तळ्यात लड बुडवली तेव्हा लाल रंग उमलून आला. तो बादशहाला म्हणाला, माझा माग त्या तळ्यापाशी लावा.

बादशहाने हो म्हटले, पण एक अट घातली. नव्या महालासाठी एक मोठा गालिचा विणायचा. तो पुरा झाला तर माग कायमचा निमगावात राहील. मात्र तोपर्यंत उस्तादाची हाक रोज ऐकू आली पाहिजे. उस्ताद पळाला, मेला, किंवा काम टाकून बसला, तर ज्या दिवशी हाक बंद पडेल त्या दिवशी माग मोडून किल्ल्यात आणायचा, आणि विणकर, त्यांची बायकापोरे, सगळी त्याबरोबर.

किल्ल्यात जाणे म्हणजे काय ते निमगावला ठाऊक होते. शेजारच्या गावचे लोहार असेच आत गेले होते. त्यांची लग्नेसुद्धा आतच होत. त्यांच्या म्हाताऱ्या आया सणाला तटाखाली उभ्या राहून वर बघत, आणि वर कुणी ना कुणी हात हलवी. तो हात आपल्याच मुलाचा आहे असे प्रत्येकीला वाटे.

हाक ऐकायला बादशहाने एक दारोगा बसवला. सिद्दी मर्जान त्याचे नाव. मोठा देह, बारीक डोळे, बोलणे हळू. मागाच्या घरासमोर निंबाचे झाड होते. त्याच्या खाली तो हुक्का घेऊन दिवसभर बसे. विणकामातले त्याला ओ की ठो कळत नसे. आत हाक चालू आहे ना, एवढेच त्याचे काम.

विणकर सगळे गावातलेच होते. फळीवर पहिल्या जागी भागाई बसे. ती धनगरांची, विधवा, घोंगडीची लोकर कातण्यात म्हातारी झालेली. तिच्या शेजारी हसन पिंजारी, आणि पुढे बाकीचे. उस्तादाला काळा रंग तयार करायला आवडत नसे. लोखंडाच्या काळ्या रंगाने लोकर कुजते, तो म्हणे. म्हणून फुलांच्या बारीक कडांसाठी तो भागाईच्या मेंढ्यांची जन्मजात काळी लोकरच वापरी. प्रत्येक विणकराजवळ तिचा एक लहानसा गुंडा असे.

गोहर बापाशेजारी, मागाच्या मागे बसे आणि लोकरीचे गुंडे करी. ती फार कमी बोलायची, कारण तिचा आवाज. अंगाने काडी आणि आवाज बापाचा, जाड आणि खोल. ती आली की भागाई फळीवरून म्हणे, "सरका रं, धाकटे उस्ताद आले." सगळे हसत. गोहर खाली बघे. भागाईच मग दुपारी भाकरीवर ठेचा ठेवून तिला देई, आणि ठेच्याने तिच्या डोळ्यांत पाणी आले की म्हणे, "आता कशी आमच्यातली दिसतेस."

उस्तादाला लोकरीच्या धुळीने खोकला धरला होता. तो आणि गोहर मागाच्या घरातच राहत, आणि खोकला वाढल्यापासून तो बाहेर पडतच नसे. एक ओळ पुकारून झाली की तो खोके. मग पुढची ओळ. मर्जानला त्या खोकल्याची इतकी सवय झाली की खोकला आला की तो हुक्क्याचा एक झुरका घेई, असे सांगतात.

हिवाळ्यातल्या एका सकाळी उस्ताद जागेवर येऊन बसला आणि गोहरला म्हणाला, "आज दुपारी मध्य येईल. मग पुढं नवीन काही नाही. आलो त्याच वाटेनं परत जायचं."

त्याचा अर्थ तिला माहीत होता. गालिच्याचा वरचा अर्धा भाग हा खालच्या अर्ध्याचे पाण्यातले प्रतिबिंब असतो. मध्य गाठला की तीच ओळ, मग तिच्या खालची, मग तिच्याही खालची, अशा उलट्या क्रमाने ओळी पुकारायच्या. शेवटची ओळ म्हणजे पहिलीच.

उस्तादाने पुकारायला सुरुवात केली. काही ओळी झाल्या. मग तो म्हणाला, "एक निळा." उत्तर आले, "निळा आला." तो म्हणाला, "तीन," आणि रंग आला नाही.

गोहरने वर पाहिले. बाप मागाच्या खांबाला टेकून बसला होता. डोळे उघडे, नजर गालिच्यावर. त्याचा उजवा हात नेहमी मांडीवर ठेका धरी, तो थांबला होता. तिला त्या हातावरून कळले.

फळीवर हात लोकर धरून थांबले. बाहेर हुक्क्याची गुडगुड थांबली.

"तीन काय, उस्ताद?" भागाईने विचारले.

गोहरने गालिच्याच्या पाठीकडे पाहिले. फूल अर्धे झाले होते. त्याला पुढे काय लागते ते दिसत होते. "तीन पांढरे," ती म्हणाली.

"पांढरे आले," फळी म्हणाली.

ओळ संपली तेव्हा ती खोकली. बाहेर पुन्हा गुडगुड सुरू झाली.

भागाईला मात्र काहीतरी खटकले. तिने वाकून उभ्या दोऱ्यांच्या फटीतून पलीकडे पाहिले. पाहिले आणि परत सरळ बसली. शेजारच्या हसनला एवढेच म्हणाली, "हात थांबवू नका कुणी." हसनने पुढच्याला सांगितले, पुढच्याने त्याच्या पुढच्याला. अशी ती बातमी फळीच्या टोकापर्यंत गेली, आणि गाठी पडत राहिल्या.

गोहर पुकारत होती. बाप तिच्या शेजारी बसून होता. त्याच्या बाहीवर लाल लोकरीचा एक तंतू होता, तो तिला काढावासा वाटत होता. पण हाक सोडून हात तिकडे जाईना. तिला रडू येत नव्हते. छातीत काहीच नव्हते, लोकर पिंजून झालेल्या जागी राहते तेवढी पोकळीही नाही. फक्त पुढचा रंग होता, आणि त्याच्या पुढचा.

दुपार व्हायला लागली. बसल्या माणसाला असे किती वेळ ठेवणार? हसन पिंजारी पाणी प्यायचे निमित्त करून फळीवरून उतरला आणि मागे आला. कोपऱ्यात एक जुना गालिचा होता, उस्तादाने पाणी तपासायला प्रथम विणलेला. हसन आणि आणखी दोघांनी तो उलगडला, उस्तादाला त्यावर निजवले आणि गुंडाळले. गालिचे गुंडाळायचा त्यांना सराव होता. हसनने डोक्याकडची बाजू स्वतःच्या खांद्यावर घेतली.

बाहेर जायला एकच दार, आणि दारासमोर निंब.

"काय नेताय रे?" मर्जानने विचारले.

"जुना गालिचा, सरकार. तळ्यावर धुवायला."

"भिजायच्या आधीच एवढा जड?"

"धूळ आहे, सरकार. एका जागी पडून पडून साठलेली."

मर्जानने हुक्क्याची नळी खाली ठेवली आणि उठायला लागला, म्हणे. त्याच क्षणी आतून हाक आली. जाड, खोल, रोजच्यासारखी. उस्ताद आत पुकारतो आहे, म्हणजे सगळे ठीक आहे. मर्जान परत बसला. "पोरांनो, पाठ सांभाळा," तो म्हणाला आणि त्यांना जाऊ दिले.

आत गोहरने दाराकडे पाहिले नव्हते. पण मागाच्या आणि भिंतीच्या मधून ते तिघे गेले तेव्हा गुंडाळी मध्ये वाकलेली तिला दिसली होती. रिकामा गालिचा तसा वाकत नाही. त्यानंतर तिला समोरचा गालिचा दिसेना. फुले नाहीत, वेली नाहीत, काही नाही. हाक मात्र तुटू द्यायची नव्हती, एवढे तिला कळत होते. तोंडात एकच शब्द उरला होता.

"काळा," ती म्हणाली.

"काळा आला."

"काळा."

"काळा आला."

फळीवरच्या प्रत्येकाला दिसत होते की हे चूक आहे. कमळाच्या ऐन मध्यावर काळे काय काम? पण पुकारलेला रंग बांधायचा, हे त्यांच्या बोटांत इतके भिनले होते की बोटांनी विचारले नाही. पुकारणारा म्हणेल तेच खरे, असे उस्तादानेच शिकवले होते. ते गाठी मारत गेले. या काठापासून त्या काठापर्यंत पूर्ण ओळ काळी झाली. मग गोहर खोकली.

तळ्याच्या पलीकडे बाभळी होत्या. तिथे उस्तादाला पुरले. दुआ मनातल्या मनात म्हटली. दगड ठेवला नाही, माती उंच केली नाही. येताना तोच जुना गालिचा तळ्यात बुडवून, ओला करून आणला आणि मर्जानच्या समोर कुंपणावर वाळत घातला.

दिवस मावळायला आला तेव्हा काम थांबले. गोहर पहिल्यांदा मागाच्या पुढच्या बाजूला आली आणि तिला ती ओळ दिसली.

"ही उकला," ती म्हणाली. "अजून वर थोड्याच ओळी झाल्यात. उकलता येईल."

"येईल की," भागाई म्हणाली.

"मग उकला."

भागाईने आपली घोंगडी काढून पोरीच्या खांद्यावर टाकली. "पोरी, आज त्या माणसासाठी कुणी रडलं नाही. बायका जमल्या नाहीत. चूल बंद ठेवली तर धूर दिसत नाही म्हणून हा बाहेरचा विचारील, तेव्हा चुली पण पेटवाव्या लागल्या. एवढीच एक ओळ झाली बघ त्याच्या नावानं. ती बी उकलायची?"

ओळ राहिली.

पुढचे दिवस कसे गेले ते गोहरलाही नीट सांगता आले नसते. रोज ती मागाच्या मागे बसे आणि बापाच्या आवाजात पुकारी. ओळ संपली की खोके. विणकर फळीवर वर वर चढत होते आणि तिची नजर गालिच्यावर खाली खाली चालली होती, कारण वरची प्रत्येक ओळ खालून वाचायची होती. आधी बापाच्या आजारपणातल्या ओळी आल्या. मग त्याला नुकताच खोकला लागला तेव्हाच्या. मग तो धडधाकट होता तेव्हाच्या. एका फुलापाशी तो हसला होता, कारण हसनने निळ्याच्या जागी हिरवा बांधला होता आणि वर म्हणाला होता, "उस्ताद, हे आमच्याकडचं फूल आहे." ते हिरवे तसेच होते. गोहरने वरही तिथे हिरवाच पुकारला. तिला हसू आले नाही, रडूही आले नाही.

मर्जानला खोकल्याची काळजी वाटू लागली. "उस्ताद, अडुळशाचा काढा पाठवतो. घेत जा," तो बाहेरून ओरडला.

"मेहेरबानी," आतून आवाज आला.

तेव्हापासून रोज काढा येऊ लागला. भागाई तो आत नेई. भांडे परत रिकामे गेले पाहिजे म्हणून गोहर तो पिऊन टाकी. एकदा भागाईने तिचा तळहात पाहिला. त्यावर फोड आले होते.

"हे काय गं?"

"काय?"

"भाजलंय की. भांडं गरम असतंय, धरवतं कसं तुला?"

गोहरने हाताकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसे पाहिले. "कळलं नाही," ती म्हणाली.

रंगपंचमी गेली, ईद गेली. फळीवरच्या बायकांत एकदा कुणाला तरी हुंदका आला, तर भागाईने मोठ्याने शिंकल्यासारखे केले आणि म्हणाली, "लोकरीची धूळ मेली!" गाव असे धूळ, सर्दी आणि कांदा यांच्या आड रडणे लपवत होते. गोहरला लपवायलाही काही नव्हते.

शेवटी पहिलीच ओळ शेवटची म्हणून आली. ती बांधून झाली. उभे दोरे कापून गालिचा मागावरून उतरवला आणि अंगणात पसरला. दारोगा उठून आला. नवी धोतरे-लुगडी नेसलेले विणकर कडेला उभे राहिले.

मर्जान गालिच्याभोवती फिरला. "वा," तो म्हणाला. मग मध्यावर थांबला. "ही काळी रेघ कसली?"

त्याने वळून मागाच्या घराकडे पाहिले.

"उस्तादांना बोलवा. त्यांनाच विचारतो. आणि एकदा गळ्यात गळा घालतो. इतके दिवस त्यांच्या आवाजाच्या शेजारी राहिलो."

हसन पुढे व्हायला निघाला, काहीतरी खोटे सांगायला. पण त्याच्या आधी मागाच्या मागून गोहर बाहेर आली. ओढणी डोक्यावरून घसरलेली, हात लोकरीच्या धुळीने माखलेले. ती गालिच्याच्या कडेला उभी राहिली.

"उस्ताद इथपर्यंत होते," ती म्हणाली आणि काळ्या ओळीकडे बोट केले. "खालचं त्यांचं. वरचं माझं."

मर्जानने ऐकले ते शब्द नंतर. आधी त्याने आवाज ऐकला. तोच आवाज, ज्याला तो रोज सकाळी सलाम करी, आणि तो या काडीएवढ्या मुलीतून येत होता.

तो गालिच्याच्या कडेला बसला. खालचे फूल पाहिले, मग त्याच्या जोडीचे वरचे. पुन्हा खालचे, पुन्हा वरचे. बसल्या बसल्या सरकत तो पूर्ण गालिचा पाहत गेला, म्हणे. उन्हे कलली तरी त्याला कुठे फरक सापडला नाही. हिरव्या फुलाशी तो थांबला, वरचेही हिरवे पाहिले आणि मान हलवली.

"कधी गेले?"

"हिवाळ्यात."

"तो गालिचा. धुवायला नेलेला." मर्जान हसनकडे न बघता म्हणाला. हसनने मान खाली घातली.

"मग माझा काढा कोण प्यायलं?"

"मी."

"खोकला नसताना?"

"हो."

"कडू असतो तो."

"असेल," गोहर म्हणाली.

मर्जान तिच्याकडे बघत राहिला. अंगणात सगळे गाव उभे होते. बायकांनी मुले घट्ट धरली होती. माग मोडायचा हुकूम त्याच्या एका शब्दावर होता. तो गुडघ्यावर हात टेकून उठला.

"बादशहानं मला इथं डोळ्यांसाठी बसवलं नव्हतं," तो सावकाश म्हणाला. "हाक बंद पडली तर कळव, असा हुकूम होता. मी रोज ऐकत होतो. हाक बंद पडली नाही. मी हेच सांगणार. गुंडाळा."

गालिचा किल्ल्यात गेला. बादशहाला तो पसंत पडला, पण त्यानेही काळ्या ओळीवर बोट ठेवले. मर्जान म्हणाला, "हुजूर, निमगावात असंच विणतात. तिथली रीत आहे." बादशहाने मान डोलावली आणि माग निमगावला कायमचा दिला.

इकडे गालिच्याची बैलगाडी नजरेआड झाली तशा गावातल्या बायका गोहरभोवती जमल्या. इतके दिवस दाबलेले रडणे एकदम फुटले. भागाईने तर तळ्याच्या पायरीवर डोके टेकले. गोहर त्यांच्या मधोमध बसली होती. कुणी तिला जवळ घेतले, कुणी हलवले, कुणी म्हणाले, रड गं, मोकळी हो. तिने प्रयत्न केला, म्हणे. रडू आले नाही. ती सगळ्यांची तोंडे बघत बसली, आणि संध्याकाळी उठून गुंडे करायला गेली. त्यानंतरही कधी तिला कुणी रडताना पाहिले नाही.

मर्जानच्या बोलण्याने गावावर एक नवे काम येऊन पडले. रीत आहे असे तो सांगून बसला होता. दुसऱ्या गालिच्यात काळी ओळ नसती तर त्याचे खोटे उघडे पडले असते आणि त्याची मान गेली असती. तेव्हा दुसऱ्या गालिच्यातही ती घालायची ठरले. आता पुकारणारी गोहरच होती, आणि लपून नव्हे.

मध्य आला. विणकरांनी काळे गुंडे हातात घेतले आणि हाकेची वाट पाहू लागले. हाक आली नाही.

"पुकार की," भागाई म्हणाली. "काळा म्हण."

"नाही," गोहर मागून म्हणाली. "ही ओळ न पुकारता बांधा."

"का गं?"

मग पलीकडून तिचा जाड आवाज आला, अगदी हळू.

"त्या दिवशी मला गप्प बसायचं होतं."

काळ्या गाठी पडू लागल्या. सगळ्या घरात फक्त फणीसारख्या लोखंडी पंजाने ओळ ठोकल्याचा आवाज होता. गोहर गुडघे पोटाशी घेऊन, खांबाला पाठ लावून बसली होती, आणि ती ओळ संपेपर्यंत तिच्याकडे कुणी काही मागितले नाही.

हुरमतखालांनी सांगायचे थांबवले की पाहुणे विचारतात, मग पुढे गोहरचे काय झाले. खाला म्हणतात, काय व्हायचे, लग्न झाले, पोरे झाली, गालिचे केले. आम्ही सगळ्या तिच्याच.

आजही निमगावात गालिच्याचा मध्य येतो त्या दिवशी पुकारणारा तोंड मिटतो. व्यापारी सांगतात की ती ओळ काढा, माल जास्त खपेल. गाव काढत नाही. आणि त्या दिवशी मागाचे दार उघडे ठेवतात. ज्याला आपल्या माणसासाठी वेळेवर शोकाला बसता आले नाही, अशा कुणीही यावे, फळीवर बसावे, काळी लोकर घ्यावी आणि गाठ मारावी. नाव विचारत नाहीत, जात विचारत नाहीत. कुणी रडते, कुणी रडत नाही. दोन्हींना सारखीच जागा देतात.

मागच्या वर्षी खालच्या वाडीतली एक बाई आली होती. तिचा मुलगा दूर सुरतेला कामावर होता. तो तिकडेच वारला आणि तिकडेच त्याला जाळले. तिला कळले तेव्हा सगळे आटोपले होते. तिला गाठ मारता येत नव्हती, तेव्हा शेजारच्या मुलीने तिची बोटे धरून दाखवली. तिने काही गाठी मारल्या. मग फळीवरून उतरली, प्यायला पाणी मागितले, तांब्या उपडा करून ठेवला आणि दुपारच्या एसटीने परत गेली.